लोंबती टोकं

मंगळवार, ११ नोव्हेंबर. पेण.

१. रोह्याच्या अलीकडे कुंडलिकेच्या काठावर एका कारखान्याची पाणी ओढण्याची विहीर आहे. तिच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. पावसाळ्यात जाळीत अडकलेला कचरा पाण्याखाली जाऊन काढायचं काम आज आमच्या कंपनीकडे होतं.

२. पाण्यात उतरला निकेश. काठावर त्याची दोरी धरून गोविंदा. पंप बंद राहील हे पाहायला मी.

३. निकेशच्या अंगात वजनाचं हार्नेस होतं. ते खांद्यांवरून घालायचं, कमरेला पट्ट्याने बांधायचं. दोन्ही कुशींना एकेक कप्पा, कप्प्यात शिसं. अडचण आली की कप्प्याची मूठ ओढायची. कप्पा सुटून पडतो आणि माणूस वर येतो.

४. काम चालू असताना हवेची नळी जाळीच्या गजात अडकली आणि निकेशच्या तोंडातून निसटली.

५. उजवा कप्पा सुटला. डावा सुटला नाही. एकाच बाजूला वजन राहिल्याने तो पाण्यात कलंडला.

६. दोरीला झटके बसले. गोविंदाने त्याला ओढून वर काढलं. मी पंपाच्या खोलीतून धावत पोहोचले तेव्हा हार्नेस उतरवलेलं होतं.

७. निकेशच्या पोटात आणि छातीत पाणी गेलं होतं. रोह्याच्या दवाखान्यात आहे. जिवंत आहे.

घडलं ते एवढंच. यापुढे लोक जे बोलले ते घडण्यात मोडत नाही.

हैबतराव संध्याकाळी दवाखान्यात आले. हे आमचे मालक. कंपनी म्हणजे रामवाडीतला एक गाळा, तीन हार्नेस, काही सिलिंडर आणि हैबतरावांचा आवाज. त्यांनी निकेशच्या उशाशी नारळ ठेवला आणि म्हणाले, "सकाळी फोडायचा राहिला, तिथंच चुकलं." त्यांचं तांत्रिक विश्लेषण इथे संपलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दिवसभर हार्नेस टेबलावर घेऊन बसले. साधनं तपासणं, दुरुस्त करणं आणि सुरक्षेच्या सूचना देणं हे माझं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी डुबकीचा आणि तिच्या साधनांचा वेगळा कोर्स केला. या गाळ्यात माहितीपुस्तिका वाचणारी मी एकटी. बाकीच्यांना ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवायला लागते.

डावा कप्पा वजनकाट्याला अडकवून पुन्हा पुन्हा ओढला. प्रत्येक वेळी सुटला, उजव्याइतक्याच जोरात. शिवण शाबूत, मूठ शाबूत. मुठीच्या बेचक्यात तपकिरी काड्यांसारखं काहीतरी चिकटलं होतं. नदीतला कचरा. चिमट्याने काढून डबीत ठेवला, सवय म्हणून.

पट्ट्याचंही लिहून ठेवते, कारण उद्या कोणीतरी तो विषय काढेल. जो उतरेल तो हाताला येईल ते हार्नेस घालतो. हैबतरावांचा भाचा सुशील नव्वद किलोचा, निकेश साठ किलोच्या आत. सुशीलच्या पोटाला पुरणारा पट्टा निकेशच्या कमरेला आवळला की हातभर टोक उरतं. ते लोंबतं. लोंबणारं टोक जाळीत अडकतं. मी नोकरीला लागल्यापासून सांगते आहे की प्रत्येकाला त्याच्या मापाचं हार्नेस द्या आणि उरलेलं टोक कापून टाका. हैबतरावांचं उत्तर ठरलेलं. "नवा माल कोन कापतो काय?"

त्यामुळे टोक दुमडून रबरी कडीत खोचायचं असतं. रबरी कड्या केव्हाच हरवल्या. ऑक्टोबरात निकेशचं टोक जाळीत अडकलं. तो सोडवून वर आला, हसत. मी हसले नाही. पट्टे लावायचं काम गोविंदाचं, म्हणून त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या वेळी एकही टोक लोंबताना दिसलं तर तू घरी." सुशील फिदीफिदी हसला. गोविंदा फक्त "व्हय मॅडम" म्हणाला. हंगामात तो गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पेंढ्यात बांधून पाठवणीला तयार करायला जातो, उरलेलं वर्ष आमच्याकडे. अशा माणसाला सूचना लहान द्यावी लागते. मोठी दिली तर अर्धी वाटेत सांडते.

आणि सूचना लागू पडली. काल निकेश उतरण्याआधी मी पाहिलं होतं. एकही टोक दिसत नव्हतं. घट्ट, नेटकं, पुस्तिकेतल्या चित्रासारखं. मी मान हलवली आणि पंपाच्या खोलीकडे गेले, कारण तिथल्या साहेबांना, पंप कोणी चालू करू नये म्हणून विजेच्या पेटीला कुलूप लावणं म्हणजे स्वतःचा अपमान वाटत होता.

संध्याकाळी हैबतराव टेबलाशी आले.

"सापडलं काय?"

"दोष नाही. कप्पा सुटतो."

"मग झालं तर! पोरगा घाबरला. उजवा ओढला, डावा ओढायचं भान राहिलं नाय. कारखान्याला रिपोर्ट पायजे. तू लिही, खाली सही कर. तुझी सही असली म्हंजे ते टेक्निकल दिसतं."

"घाबरला असं लिहिलं तर निकेशला पुन्हा कोणी पाण्यात उतरवणार नाही. इथून नागोठण्यापर्यंत सगळे एकमेकांना विचारूनच पाणबुडा घेतात."

"मग त्याला मी काय करू? विहिरीला सांगू, तू त्याला घाबरवू नको?"

विनोद त्यांचाच, हसणारेही तेच. पण तर्क चुकीचा म्हणता येत नाही. दोष साधनात नसेल तर माणसात असतो. तिसरी जागा नाही. अहवालाचा मसुदा निम्मा लिहिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

निकेशला दवाखान्यातून घरी सोडलं, म्हणून भेटायला गेले. त्याचं घर पेणच्या खाडीकडच्या अंगाला, मिठागरांपलीकडे. रिक्षावाल्याने अर्ध्या वाटेत विचारलं की मी मतदार यादीवाली का. कपाळावर तसं काही असावं.

मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. निकेश ओट्यावर पाय पसरून बसला होता. आवाज बसलेला.

"डावी मूठ ओढलीस का?"

"वढली."

"मग?"

"मग काय. नाय सुटली."

"मी टेबलावर ओढली, सुटली."

त्याने तोंड खाडीकडे फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, शेठ काय बोलतान?"

"तू घाबरलास, असं म्हणतात."

"मग तसाच लिवा. घाबरलो."

"खरोखर घाबरलास?"

"पान्यात तोंडातली हवा गेल्यावर कोन भजन म्हनतो काय? लिवा ना. तुमाला काय त्रास हाय?"

मला त्रास नाही. पण आधी ओढली म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात घाबरलो म्हणतो, यातलं एक विधान खोटं आहे. डाव्या हाताच्या तीन बोटांची कातडी सोललेली होती. जाळीला घासली असणार.

त्याची बहीण नूतन चहा घेऊन आली. ती गोविंदाची बायको. दोन्ही घरं भिंतीला भिंत. तिने कप माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

"बाय, तू लय शिकलीस ना गो?"

"थोडी."

"मग तू सांगशील तसाच व्हतंय ना सगला? माझा घरवालापन तेच बोलतंय. मॅडम बोलली तसा करायचा, नाय तं घरी."

"गोविंदा कुठे आहे?"

"गेलाय कारखान्यान, गनपती बांधायला. तुमच्याकडं तोंड कसा दाखवील?"

"मी त्याला काही बोलले नाही."

निकेश एकदम म्हणाला, "नुतने, आत जा." ती गेली नाही. दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, मी चहा संपवेपर्यंत. चहा चांगला होता. माणसं अशी का वागतात याचा शोध घेणं माझ्या कामात बसत नाही.

परतताना ठरवलं की सोमवारी सही करायची. ज्या माणसाला स्वतःची बाजू मांडायची नाही, त्याची बाजू मी का मांडावी?

शनिवार, १५ नोव्हेंबर

मसुद्याला परिशिष्ट जोडायचं म्हणून डबीतला कचरा भिंगाखाली घेतला. काड्या नव्हत्या. सुतळीचे धागे होते, आणि धाग्यांचं एक टोक पात्याने सरळ कापलेलं. नदी सुतळी कुजवते, तोडते, पिंजते. सरळ कापत नाही.

बाजारातून सुतळीचा गुंडा आणला. हार्नेसच्या पट्ट्याचं टोक गुंडाळून डाव्या मुठीला सुतळीने बांधलं. कोरडं असताना ओढलं, तर गाठ सरकली आणि कप्पा सुटला. तसंच पुन्हा बांधून बादलीत बुडवलं, जेवून आले. भिजून सुतळी फुगली होती. गाठ दगडासारखी. दोन्ही हातांनी ओढलं. काटा शेवटच्या आकड्याला टेकला, कप्पा जागचा हलला नाही.

स्वतःची बोटं बघितली. तीन बोटांची कातडी निघाली होती. डाव्या हाताची.

निकेश घाबरला नव्हता. जे ओढून सुटणार नाही ते तो ओढत होता.

मसुदा फाडला. निम्मा दिवस वाया गेला याचा राग आला. आणखी कशाचा आला ते आज ठरवता येत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

गणपतीच्या कारखान्यात गेले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आत्तापासून बांधायला घेतात. पत्र्याच्या छपराखाली रांगेने गणपती, काही रंगलेले, काही पांढरे, आणि मधे गोविंदा पेंढ्यात गुडघाभर. मला पाहून त्याने हातातली मूर्ती आधी नीट खाली ठेवली, मग उभा राहिला.

शेजारचा काळुराम नावाचा म्हातारा पेंढा पिंजत होता. तो म्हणाला, "गोविंदा, तुझी साहेबीन आली रं. आता गनपतीलापन पट्टा लाव."

मी डबी उघडून दाखवली. "ही सुतळी तू बांधलीस?"

"व्हय."

इतक्या लवकर कबुली येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढचे प्रश्न तयार करून आणले होते, ते फुकट गेले.

"का?"

"तुमी बोल्ल्या व्हत्या. टोक लोंबला तं घरी."

"मी बांध म्हणाले होते? खोचायचं असतं ते."

"कशान खोचू? कड्या नाय. तुमी बोल्ल्या लोंबता नाय पायजे, येवढाच. हितं आमी कसा करतो? सुतलीचा टोक रंगाला घासला का ओरखडा येतो, मूर्ती परत. म्हनून टोक मोकला सोडायचाच नाय. जवल जा काय हाय त्याला गुंडालून बांधायचा. तसाच केला. मूठ जवल व्हती."

बोलता बोलता त्याच्या हातांनी समोरच्या मूर्तीच्या दोरीचं उरलेलं टोक गुंडाळून बांधलंसुद्धा. त्याचं त्यालाही कळलं नसावं. इथे गाठ कायम कोरडी राहते. कोणालाही ती पाण्यात घेऊन बुडायची नसते.

"ती मूठ कशाची आहे ते ठाऊक होतं?"

"वजन सोडायची. ठावं व्हता. पन दोरी माझ्या हातान हाय, मी वढीन ना त्याला, मूठ कशाला लागेल?" त्याने बोटांना चिकटलेला पेंढा झटकला. "आनि तुमी बघून मान हलवलीत."

"मान हलवणं म्हणजे मंजुरी नव्हे."

"मग काय, मॅडम?"

काळुरामने पेंढा पिंजणं थांबवलं होतं. अशा ठिकाणी लोकांना काम करताना ऐकता येत नाही.

"कापली कोणी?"

"मीच. वर आल्या आल्या कापली. तुकडं निकेशनं चड्डीच्या खिशान घातलं. श्वास येत नव्हता त्याला, तरी बोल्ला, दाजी, कोनाला सांगू नको. तुझा काम जाईल आनि मॅडमचीपन नोकरी जाईल."

हे शेवटचं वाक्य गोविंदाने स्वतःच्या पदरचं घातलेलं असावं. निकेशला माझ्या नोकरीशी काय देणंघेणं? ऑक्टोबरात जाळीतून सुटून आला तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं होतं.

तरी गोविंदाला खोटं सजवून सांगता येत असतं, तर पहिल्याच प्रश्नाला त्याने "व्हय" म्हटलं नसतं. हे दोन मुद्दे एकत्र बसत नाहीत. तसेच सोडते.

घरी येऊन माझं वाक्य जसंच्या तसं लिहून पाहिलं. पुढच्या वेळी एकही टोक लोंबताना दिसलं तर तू घरी. यात काय करू नये ते आहे. काय करावं ते नाही. मुठीपासून टोक लांब ठेवायचं, हे तर मुळीच नाही. वाक्य आखूड होतं म्हणून मला आवडलं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हैबतरावांना बादलीतला प्रयोग करून दाखवला. त्यांनी स्वतः मूठ ओढली, लाल झाले आणि खूश झाले.

"म्हंजे गोविंदा! आधी बोलायचंस ना. घाबरला कट कर, गोविंदाचं नाव घाल. ते तर आणखी सोपं. उद्यापासून तो येणार नाय, लिहून टाक."

"सूचना माझी होती. अपुरी होती. उतरण्याआधी तपासणी माझी होती, मी मुठीला हात लावून पाहिला नाही. रबरी कड्या नव्हत्या, मापाची हार्नेस नव्हती, ते तुमच्याकडे येतं. हे सगळं क्रमाने लिहिणार."

"ऋतुजा, डोकं ठिकानावर हाय ना? बुडत कोन होता? निकेश. बांधलं कोनी? गोविंदानं. तू मधे कुठं आलीस?"

"सुतळीच्या आधी."

"अगं, सुतळी असं रिपोर्टात लिहिलं तर कारखानेवाले म्हंतील, ही पाणबुड्यांची कंपनी का किराणा मालाची? पुढच्या वर्षीचं काम गेलं समज. तुझंपन."

"चालेल."

"तुला चालेल! तुझं काय जातंय?"

 त्यांना तोंडाने बोललेलं लक्षात राहत नाही. दुपारी अहवाल कारखान्याला आणि त्यांना एकाच वेळी पाठवला. माझ्या सहीसह, त्यांच्या परवानगीशिवाय. नंतर उठून पंखा बंद केला. गाळ्यात पंखा उगाच जोरात असतो.

कारखान्यातल्या साहेबांचा फोन आला. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारलं की फाईल उघडत नाही, पुन्हा पाठवता का.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

साहेबांनी अहवाल वाचला. अपघाताचं कारण "समजलं" म्हणाले, निकेशच्या पुन्हा उतरण्याला त्यांची हरकत नाही. मात्र पट्ट्यांची नवी पद्धत चाचणी करून दाखवल्याशिवाय विहिरीवर पाऊल टाकायचं नाही. कुलूप न लावणारा माणूस मला सुरक्षा शिकवतो. पण अट बरोबर आहे.

हैबतराव माझ्याशी बोलत नाहीत. सुशीलच्या तोंडून निरोप पाठवतात, मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना. मला काढून टाकलेलं नाही. दुसरं कोणी पुस्तिका वाचणारं मिळेपर्यंत काढणार नाहीत. गोविंदालाही काढलेलं नाही; अहवालात चूक माझी असताना त्याला काढायला कारण उरलं नाही.

आज पट्टे कापले. एक हार्नेस निकेशच्या मापाचं, एक सुशीलच्या, एक तिसऱ्या कोणाच्या, सध्या माझ्या. टोकं तापल्या पात्याने बंद केली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या कापून घातल्या. टोक वितीएवढंच उरतं, ते आतल्या बाजूला दुमडून कडीत जातं, आणि दोन्ही मुठींभोवती एक तळहात जागा पूर्ण मोकळी. नवा माल कापलेला पाहून सुशील म्हणाला, "मामा तुला कापील." त्याला म्हटलं, मापाला ये.

निकेशला पाठवायचा निरोप आधी इथे उतरवते. तीनदा लिहिला. पहिल्या दोन मसुद्यांत अनावश्यक शब्द होते.

"निकेश, अहवाल गेला. त्यात तू घाबरलास असं नाही. तू डावी मूठ ओढत होतास, ती बांधलेली होती, हे आहे. चुकीची सूचना मी दिली आणि तपासणी मी अपुरी केली, हेही आहे. गोविंदाचं काम गेलेलं नाही. तुमच्या घरी कोणी तसं सांगितलं असेल तर ते खोटं. नव्या पट्ट्यांची चाचणी शनिवारी सकाळी पेणच्या तळ्यात. पाण्यात मी उतरणार, सुशील सोबत असेल. माझे पट्टे गोविंदाने लावायचे आणि माझी दोरीही त्यानेच धरायची. तू पाण्यात यायचं नाहीस, डॉक्टरांनी मनाई केली आहे. काठावर ये. उतरण्याआधी दोन्ही मुठी तू स्वतः ओढून बघायच्या. तू हो म्हणाल्याशिवाय मी उतरणार नाही. तुम्ही दोघं येणार की नाही, ते गुरुवार, २० तारखेपर्यंत कळव. ऋतुजा."